एक अपूर्ण प्रत आणि तीन घंट्या

कॉमिक्स संमेलनाच्या मंचावर चढायच्या अठरा दिवस आधी तपासनिसांचं पोट जे बिघडलं, ते मंचावरून उतरेपर्यंत ठिकाणावर आलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बायकोने पथ्य दिलं, शेजाऱ्यांनी सल्ले दिले. त्यातला शेजाऱ्यांचा सल्ला तेवढा लागू पडला आणि नेमका त्यानेच घात केला. पण ते पुढे येईल.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे, ते त्यांचं काम. तसं बघायला गेलं तर काम एवढंसंच. सार्वजनिक वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते धड आहे की नाही हे बघायचं, त्यावर ‘पूर्ण’ असा शिक्का मारायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचं. पण सव्वीस वर्षं एकच काम केलं की माणसाची त्यात एक शिस्त तयार होते. तपासनीस पुस्तक मागून उघडत. पानं गळतात ती शेवटची, बांधणारा चुकतो तो शेवटी, आणि छापखान्यातली शाई संपते तीही शेवटीच, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून आधी शेवटचं पान नीट वाचायचं, मग त्याच्या अलीकडची सात, आणि मग पान क्रमांक अंगठ्याखालून उलटे पळवत पहिल्या पानापर्यंत यायचं. या पद्धतीने त्यांनी हजारो पुस्तकांचे शेवट वाचले होते आणि मधलं पान एकाचंही नाही. खून कोणी केला हे त्यांना माहीत असे, कोणाचा झाला हे नसे.

गंमत म्हणजे एवढ्या भांडवलावर त्यांची कीर्ती झाली होती. दुपारी देवघेवीच्या खिडकीवरच्या बाई जेवायला गेल्या की तपासनीस तिथे बसत. कपाटासमोर घुटमळणाऱ्या माणसाकडे ते चष्म्यावरून बघत आणि ‘काय, कसं चाललंय?’ असं विचारत. माणूस दोन वाक्यं बोले. तपासनीस उठत आणि नेमकं पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवत. लग्न मोडलेल्याला शेवटी एकटाच मजेत राहणारा नायक, नोकरी गेलेल्याला शेवटी दुकान थाटणारा. कॉमिक्सच्या कपाटाशी तर त्यांचा हात कधी चुकला नव्हता, कारण कॉमिक्सचा शेवट चित्रात असतो, एका नजरेत उरकतो. लोक म्हणत, या माणसाने सगळं वाचलंय. तपासनीस त्यावर नम्रपणे मान हलवत आणि विषय बदलत.

खरं काय ते एकाच व्यक्तीला माहीत होतं, ती म्हणजे त्यांची मुलगी बबडी. ती अकरा वर्षांची असताना पलंगावर पालथी पडून दोन भावांच्या गलबताचं एक जाडजूड कॉमिक वाचत होती. तपासनीस चहाचा कप घेऊन मागून जाताना सहज म्हणाले, “धाकटा बुडतो गं. आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर रडू नकोस.” त्यांचा हेतू अगदी शुद्ध होता. बबडीने पुस्तक मिटलं. ते तिने परत उघडलं नाही, आणि आपण काय वाचतोय हे त्यानंतर बापाला कधी सांगितलं नाही. पुस्तकांना ती वर्तमानपत्राची कव्हरं घालू लागली. घरात बाकी सगळं बोलणं होई, भाजीचं, बसचं, दातांच्या डॉक्टरचं, पण पुस्तकाचं नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. तपासनिसांना हे आतून टोचत असे आणि त्यांनी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

त्यामुळे बबडी स्वतःहून त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि “बाबा, पुस्तकांचं एक काम आहे, नाही म्हणालास तरी चालेल,” म्हणाली, तेव्हा तपासनिसांच्या हातातला पेपर खाली आला.

काम असं होतं. कॉमिक्स संमेलनात दर वर्षी ‘नवं काय वाचाल’ नावाचा कार्यक्रम होई. पाच नवी कॉमिक्स, चारशे दर्दी आणि त्यांना कोणी काय वाचावं हे सांगणारा एक जाणकार. या वर्षीचा जाणकार जिन्यावरून पडून पाय मोडून बसला होता. बबडी संयोजकांत होती. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत बसले असताना ती म्हणून गेली होती की, माझे बाबा करतील.

“माझं नाव तू सुचवलंस?” तपासनिसांनी पुन्हा विचारून घेतलं.

“माणूस बघून पुस्तक देणारं तुझ्यासारखं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही. ते खरंच आहे. पण अट आहे.”

“शेवट.”

“शेवट. तिथे लोक शेवटाला फार जपतात, बाबा. कोणी फोडला की मंचावर घंटी वाजते. तीन घंट्या झाल्या की वक्त्याला सगळ्यांसमोर खाली उतरवतात.”

“घंटी कोण वाजवतं?”

“या वर्षी मी.”

पोट बिघडलं ते या क्षणी. बबडी आवाज न चढवता पुढे म्हणाली, “मी त्यांना शब्द दिलाय. तू जर फोडलास ना, तर मी परत तुला काही विचारणार नाही. पुस्तकांचं तर नाहीच.” ती चिडून बोलली असती तर तपासनिसांना बरं वाटलं असतं. ती भाजी काय आणू विचारावं तशी बोलली.

तपासनिसांनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

चार दिवसांनी पाच कॉमिक्सचं पार्सल वाचनालयाच्या पत्त्यावर आलं आणि तिथून सरकारी कामाला सुरुवात झाली. आवक टेबलावरच्या कारकुनाने ते ‘देणगी’ म्हणून नोंदवलं. तपासनीस म्हणाले, ही देणगी नाही, ही माझी आहेत. कारकून म्हणाला, तुमची असती तर तुमच्या घरी आली असती. देणगीचं पुस्तक बाहेर न्यायला ग्रंथपाल बाईंची परवानगी लागते. परवानगीच्या अर्जावर दाखल क्रमांक लागतो. दाखल क्रमांक ‘पूर्ण’ शिक्क्याशिवाय पडत नाही. आणि शिक्का मारणारा अख्ख्या वाचनालयात एकच माणूस होता. तो सध्या अर्जदार असल्यामुळे स्वतःच्याच अर्जासाठी स्वतः तपासणी करणं बरोबर दिसेल का, यावर ग्रंथपाल बाईंनी दोन दिवस विचार केला. शेवटी ‘विशेष बाब म्हणून’ असा शेरा मारून त्यांनी पुस्तकं तपासायला तपासनिसांकडेच पाठवली.

आता बबडीने बजावलं होतं की, पुस्तकं पुढून वाच. तपासनिसांनी मनाशी ठरवलंही होतं. पण टेबल तेच, खुर्ची तीच, शिक्का हाताशी. पहिलं कॉमिक हातात आलं आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने बोटांनी ते मागून उघडलं. तपासनीस भानावर आले तोवर ‘खाणीतला दिवा’मधले सगळे खाणकामगार जिवंत वर आले होते. ‘हिमनदीचं टपाल’मधला हरवलेला कुत्रा बर्फातून परत आला होता. ‘नऊ बोटांचा घड्याळजी’मध्ये खून गोष्ट सांगणाऱ्या घड्याळजीनेच केला होता, आणि ‘लोखंडी आजी’ची यंत्रं थांबून तिची खुर्ची रिकामी झाली होती.

पाचवं होतं ‘दीपगृह’. त्याच्या शेवटच्या पानावर दाराच्या कडीवर ठेवलेला एक हात होता आणि त्यापुढे काहीच नव्हतं. समाप्त नाही, पुढे चालू नाही, साधं टिंब नाही. तपासनिसांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बांधणीत बोट घालून पाहिलं, गळालेल्या पानाचं बूड सापडतं का ते चाचपलं. मग त्यांनी कागद ओढला आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर तीन प्रतींत लिहिलं: ‘महोदय, आपणाकडून प्राप्त पुस्तकाच्या अखेरीस एक हात दाराच्या कडीवर ठेवलेला असून दार उघडल्याचे आढळून येत नाही. सबब प्रत अपूर्ण आहे. सदर प्रत सोबत परत करीत असून दार उघडलेली पूर्ण प्रत परतटपाली पाठविण्यात यावी.’ खाली सही, शिक्का आणि तारीख. हे करताना त्यांना त्या आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

त्या पुस्तकाच्या कण्यावर, प्रकाशकाच्या खुणेखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘भाग पहिला’ असं छापलेलं होतं. पण कणा तपासणं हे बांधणी विभागाचं काम.

संध्याकाळी बबडीने विचारलं, “पाचही मिळाली ना?” तपासनिसांनी मान डोलावली. बदली प्रत येतच असेल, उगाच पोरीला घोर कशाला, असा त्यांनी विचार केला. ती प्रत आली नाही. रोज टपालाच्या वेळी तपासनीस आवक टेबलापाशी उभे राहत आणि रोज तो कारकून दोन्ही हात रिकामे करून दाखवी.

इकडे घरी तयारी सुरू होती. पुस्तकाची नुसती पहिली तीन पानं सांगायची, असं बबडीने सोपं करून दिलं होतं. पण शेवट माहीत असलेल्या माणसाला पहिली तीन पानं सोपी नसतात. ‘लोखंडी आजी’च्या पहिल्या पानावर आजी हसत होती. तपासनीस आरशासमोर उभे राहून “ही आजी खूप हसरी...” एवढं म्हणत आणि खिशातला रुमाल शोधू लागत. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, तुम्ही तोंड उघडलंत की कळतं. मिटलंत तरी कळतं.”

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडसर दुसऱ्याच दिवशी चौदा पानी भाषण लिहून घेऊन आले. त्यात कॉमिक्सचा उल्लेख पहिल्यांदा नवव्या पानावर येत होता आणि तोही निषेधाचा होता. “कागदाबद्दल बोला,” हेडसर म्हणाले. “कागदाचा दर्जा, शाईचा वास, दृष्टीवर होणारा परिणाम. वीस मिनिटं कुठे जातील कळणार नाही.” तपासनिसांनी ते भाषण तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांना झोप लागली. पोटाला तेवढाच आराम मिळाला.

खरा सल्ला दिला तो समोरच्या विमावाल्या वहिनींनी. “भाऊजी, बावीस वर्षं मी विमा विकतेय. पॉलिसीत काय आहे ते मी आजवर एकालाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर कोणी घेतली असती का? माणसाबद्दल बोलायचं. त्यालाच बोलतं करायचं. तुम्ही खिडकीवर बसून तेच तर करता. पुस्तकाचं नावसुद्धा काढू नका, नुसतं हातात ठेवा.”

तपासनिसांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुस्तकाबद्दल अक्षर बोलायचंच नाही, तर शेवट फुटेल कसा?

संमेलनाचं सभागृह म्हणजे एक मोठी लोखंडी शेड होती. आत अर्धे लोक माणसांच्या वेषात होते आणि अर्धे इतर कशाच्या तरी. दारावर एका ड्रॅगनने तपासनिसांचा पास तपासला आणि तो नीट, दोन्ही बाजूंनी तपासला, हे पाहून त्यांना त्याच्याविषयी आदर वाटला. मंचाच्या मागे दाढीवाला मुख्य संयोजक घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. “काका, गेल्या वर्षी एका समीक्षकाला सहाव्या मिनिटाला उतरवावं लागलं,” तो म्हणाला. “नंतर पार्किंगपर्यंत लोक मागे गेले होते.” त्याला वाटलं तो धीर देतोय.

चार वाजता तपासनीस मंचावर गेले. टेबलावर चार पुस्तकं आणि पाण्याचा ग्लास. डाव्या हाताला लहान टेबलामागे काळा झगा घालून आणि पुठ्ठ्याचा मुकुट चढवून बबडी बसली होती. तिच्यासमोर शाळेतल्या शिपायाकडे असते तसली पितळी घंटी होती. ती बापाकडे बघत नव्हती, घंटीकडे बघत होती. मग तिची नजर टेबलावर गेली. ती चार पुस्तकं मोजत होती, हे तपासनिसांना इतक्या लांबूनही दिसलं.

त्यांनी घसा खाकरला. “मी पुस्तकांबद्दल बोलणार नाही,” ते म्हणाले. चारशे लोकांत चुळबुळ झाली. “तुम्ही बोला. कोणीतरी वर या.”

पहिली आली ती ड्युटीवरून थेट आलेली एक नर्स. तपासनिसांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “काय, कसं चाललंय?” नर्स म्हणाली, “खरं सांगू? या महिन्यात आमच्या वॉर्डात फार लोक गेले. थकले मी.” तपासनिसांनी एक शब्द न बोलता ‘खाणीतला दिवा’ तिच्या हातात ठेवलं. टाळ्या पडल्या. दुसरा आला तो पुठ्ठ्याचा यंत्रमानव. खोक्यातून आवाज आला, “माझा कुत्रा हरवलाय, दोन आठवडे झाले.” त्याला ‘हिमनदीचं टपाल’ मिळालं. पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी जास्त. दाढीवाला संयोजक विंगेत उभा राहून हसला. बबडीने घंटीवरून नजर काढून बापाकडे पाहिलं. तपासनिसांचं पोट अठरा दिवसांत पहिल्यांदा सैल झालं.

तिसरे आले ते एक गणिताचे शिक्षक. अंगावर पाठीवरून लोळणारी निळी शाल, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. “माझ्या मेव्हण्यामुळे मी हैराण आहे,” ते म्हणाले. “घरातली प्रत्येक भानगड तोच रंगवून सांगतो, आणि मुळात केलेली त्यानेच असते.” तपासनिसांचा हात आपसूक ‘नऊ बोटांचा घड्याळजी’वर गेला. शिक्षकांनी पुस्तक घेतलं, पहिलं पान उघडलं आणि ते जागीच थांबले. गणिताचा माणूस तो, आधीच्या दोन उदाहरणांवरून रीत ओळखणारच.

“एक मिनिट,” ते माइकजवळ आले. “नर्सताई लोक गेल्याचं बोलल्या, त्यांना खाण मिळाली. याचा कुत्रा हरवला, याला कुत्रा मिळाला. मी म्हणालो, सांगतो तोच करतो, आणि मला जे मिळालं त्यात घड्याळजी स्वतःच एका खुनाची गोष्ट सांगतोय. म्हणजे खून...”

सभागृह ओरडलं. घंटी वाजली.

बबडीचा हात घंटीवर होता आणि चेहरा पांढरा पडला होता. तपासनीस म्हणाले, “मी काहीच बोललो नाही.” ते खरंच होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. खालून नर्सने विचारलं, “म्हणजे खाणीतले सगळे वाचतात?” आणि खोक्यातून हुंदक्यासकट आवाज आला, “माझा कुत्रा परत येतो!” अर्धे लोक टाळ्या वाजवत होते, अर्धे पैसे परत मागत होते. दुसरी घंटी वाजली. ती वाजवताना बबडीने डोळे मिटले होते.

सहा मिनिटंही झाली नव्हती. समीक्षकाचा विक्रम धोक्यात आला होता.

आता टेबलावर ‘लोखंडी आजी’ उरली. “कोणी येतंय?” तपासनिसांनी विचारलं. वर यायची गोष्ट दूरच, लोक त्यांची नजर चुकवू लागले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदराने चेहरा झाकला. “माझ्याकडे बघू नका हो, मला ते वाचायचंय,” कोणीतरी कळवळून म्हणालं. चारशे माणसं आपापल्या आयुष्यातलं दुःख या गृहस्थाला कळू नये म्हणून कसनुशी हसत बसली होती. तपासनीस पुस्तक हातात धरून उभे राहिले. मुखपृष्ठावर आजी हसत होती. आपण तिच्याकडे पाहू नये म्हणून त्यांनी शिकस्त केली, आणि पाहिलं.

“त्यांचा चेहरा बघा,” मागून आवाज आला. “आजी जाणार.”

“घंटी,” लोक ओरडू लागले. “घंटी वाजवा.”

दाढीवाला संयोजक नियमांची पुस्तिका घेऊन धावत आला. चेहऱ्याने शेवट फोडला तर तो फुटला असं मानायचं की नाही, यावर मंचावरच चर्चा सुरू झाली. गणिताच्या शिक्षकांचं मत ‘मानायचं’ असं पडलं. तपासनीस मधोमध उभे होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामावर एक तांबडी रेघ पडली नव्हती, आणि आज त्यांचा चेहरा तपासला जात होता. पण त्यांना भीती त्याची नव्हती. ते बबडीच्या हाताकडे बघत होते. तो घंटीपासून वीतभर अंतरावर थांबला होता. तिसरी वाजली की ते उतरणार, घरी जाणार, आणि ती उद्या सकाळी त्यांना भाजी काय आणू म्हणून विचारणार. पुढेही तेवढंच विचारत राहणार.

“नियमात चेहऱ्याचं काही लिहिलेलं नाही,” बबडी म्हणाली. “बोलणं आणि खुणा एवढंच आहे. चेहरा माणसाचा असतो, त्याला मी घंटी वाजवणार नाही.”

आरडाओरडा थोडा खाली आला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक बाई उठल्या. बोटांना शाई, खांद्याला झोळी. “माझं पुस्तक कुठंय?” त्यांनी विचारलं. “यादीत पाच आहेत, टेबलावर चारच आली. ‘दीपगृह’ मी काढलंय, मीच छापलंय.” त्यांनी झोळीतून एक कागद काढला. “आणि हे पत्र मला परवा आलं.”

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. ‘दार उघडलेली पूर्ण प्रत’ या शब्दांपर्यंत पोचेस्तोवर शेडचं छत हलत होतं. ड्रॅगनही आत येऊन हसत होता. तपासनिसांचे कान तापले. “तो पहिला भाग आहे हो,” चित्रकार बाई म्हणाल्या. “दुसरा मी अजून काढलेलाच नाही. दाराबाहेर कोण आहे हे माझं मलाच ठरवायचंय.”

बबडी बापाकडे बघत होती. पाचही मिळाली, असं तो तिला म्हणाला होता.

“चूक झाली,” तपासनीस माइकमध्ये म्हणाले. ते बोलत होते चारशे लोकांसमोर, पण सांगत एकीलाच होते. “मी पुस्तकं मागून उघडतो. सव्वीस वर्षं तेच करत आलोय. मधलं मी कधी वाचलेलं नाही, कुठल्याच पुस्तकाचं. आणि प्रत परत पाठवल्याचं लपवलं, तेही माझं चुकलं.”

हसू थांबलं. चित्रकार बाईंनी झोळीतून ‘दीपगृह’ची एक प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. “मग आता पुढून उघडा. हे कोणाला द्यायचं?”

तपासनिसांनी प्रत हातात घेतली. हात सवयीने मागे गेला आणि तिथे त्यांना काही मिळणार नव्हतं, म्हणून परत पुढे आला. “माहीत नाही,” ते म्हणाले. “याचा शेवट मला माहीत नाही. त्यामुळे कोणाला द्यावं तेही सांगता येत नाही.” त्यांनी पहिलं पान उघडलं. समुद्र, वादळ, दीपगृहात एकटा रखवालदार. दिव्यात तेल कमी. तपासनीस मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या पानावर रखवालदाराला लांब एक होडी दिसली. पाचव्या पानावर ती दिसेनाशी झाली. “होडीत कोण होतं?” तपासनिसांनी चित्रकार बाईंना विचारलं. त्यांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं. ते घाईने पुढे वाचू लागले. नवव्या पानावर त्यांनी श्रोत्यांकडे बघणं सोडलं. बाराव्या पानावर खुर्ची ओढून बसले आणि माइक त्यांच्या तोंडापासून दूर गेला, तेव्हा मागच्या रांगा उठून पुढे आल्या. यंत्रमानवाने नीट ऐकू यावं म्हणून डोक्यावरचं खोकं काढलं होतं.

सतराव्या पानावर रखवालदाराने दिवा विझू द्यायचा की आपल्या मुलीची पत्रं जाळायची, असा प्रसंग आला. त्याच वेळी दाढीवाल्याने विंगेतून घड्याळाकडे बोट दाखवलं. वीस मिनिटं झाली होती. वेळ संपल्याची घंटीही बबडीनेच द्यायची होती. तिने हात उचलला.

“थांब गं,” तपासनीस मान वर न करता म्हणाले. “तो पत्रं हातात घेतोय.”

बबडीने हात खाली घेतला.

कार्यक्रम संपला तेव्हा बाहेरच्या स्टॉलवर ‘दीपगृह’साठी रांग लागली होती. दाढीवाल्याने तपासनिसांना सांगितलं की, शेवट फोडल्याच्या दोन घंट्या होऊनही तिसरी न वाजता शेवटपर्यंत मंचावर टिकलेले ते पहिलेच. हा गौरव होता की ठपका, ते त्याच्या दाढीमुळे कळलं नाही. तपासनिसांनी ऐकून घेतलं. त्यांचं लक्ष काखेतल्या प्रतीकडे होतं.

घरी जाताना बसमध्ये बापलेक शेजारी बसले. बबडीच्या मांडीवर मुकुट होता. दोन थांबे गेल्यावर ती म्हणाली, “पाच मिळाली म्हणून खोटं सांगितलंस.”

“हो.”

“मी दोनदा घंटी वाजवली तुझ्यावर.”

“वाजवायलाच हवी होती. मीही वाजवली असती.”

बस सिग्नलला थांबली. तपासनिसांनी हळूच पुस्तक उघडलं. बत्तिसाव्या पानापर्यंत आले आणि त्यांना राहवेना. “बबडे, तू वाचलंयस ना हे?”

“तीनदा.”

“त्या होडीत त्याची मुलगीच होती का? तेवढं सांग. बाकी काही सांगू नकोस.”

बबडी त्यांच्याकडे बघत राहिली. “नाही सांगणार.”

“अगं, निदान ती बुडाली का ते तरी...”

“बाबा. आधी त्रेचाळिसाव्या पानापर्यंत ये. मग आपण बोलू. मला खूप बोलायचंय त्याच्यावर, कोणाशी बोलताच आलं नाहीये. दाराबाहेर कोण असेल त्याचेही माझे दोन अंदाज आहेत. पण आधी तिथपर्यंत ये.”

तपासनिसांनी चष्मा पुसला. तो पुसायची गरज होती. मग ते वाचू लागले, एकेक चौकट, बोट ठेवून. त्यांचा थांबा आला आणि गेला. दोघांनाही दिसला, दोघंही उठले नाहीत. एकेचाळीस. बेचाळीस. पान उलटण्याआधी त्यांचा हात थबकला आणि त्यांनी धास्तावून मुलीकडे पाहिलं.

बबडीने चटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळू नये म्हणून.